सार्वजनिक जागा आणि छायाचित्रकार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदाने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बोलण्यासाठी मंडळाने मला पाचारण केले, याबद्दल मी कार्यकारिणीचा ऋणी आहे. वस्तुतः मी वक्ता नव्हे. गेली पन्नास वर्षे या सभागृहातील माझी जागा व्यासपीठासमोर, पहिल्या रांगेच्याही पुढे, गुडघे टेकून बसलेल्या माणसाची राहिली आहे. वक्ता ऐन रंगात आला की त्याच्या डोळ्यांवर प्रकाशाचा झोत टाकून त्याच्या विचारांचा धागा तोडावयाचा, हेच माझे आजवरचे कार्य. आज त्या झोतासमोर उभे राहण्याची पाळी माझ्यावर आली आहे. ज्या ज्या वक्त्यांना मी असा उपद्रव दिला, त्या सर्वांची प्रारंभीच क्षमा मागतो.

शेजारच्या दालनात मंडळाच्या पन्नास वर्षांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन मांडले आहे. आपण सर्वांनी ते पाहिलेच असेल. १९७५ सालचा पत्र्याच्या शेडमधील पहिला गणेशोत्सव, नाटकाच्या तालमी, हळदीकुंकू, कोजागरी, आणि आज आपल्यात नसलेली कितीतरी माणसे त्यात आहेत. काल एक तरुण मुलगी ते सारे बारकाईने पाहून माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, हे सगळे फोटो आतले आहेत. बाहेरचे शहर कुठे आहे? तुम्ही लोक पन्नास वर्षे इथे राहिलात, पण इथला बाजार, इथले रस्ते, इथली नदी यांचा एकही फोटो नाही.”

प्रश्न अगदी रास्त होता. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु रात्री झोप लागली नाही. मग ठरवलेला विषय बाजूला ठेवून त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आज आपल्यासमोर द्यावे, असे मनाने घेतले. सार्वजनिक जागी छायाचित्र काढणाऱ्या माणसाला आपल्याकडे, आणि अन्यत्रही, जी वागणूक मिळते, ती या उत्तराच्या मुळाशी आहे.

माझा पहिला कॅमेरा आग्फा कंपनीचा ‘क्लिक थ्री’. एका रोलवर बारा चित्रे निघत. पुढे एका सहकाऱ्याकडून जपानी बनावटीचा, पस्तीस मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा विकत घेतला. त्यावर छत्तीस चित्रे निघत. आजच्या मुलांना छत्तीस या आकड्याचे महत्त्व कळणार नाही. महिन्याच्या पगारातून एक रोल आणावयाचा आणि तो दोन महिने पुरवावयाचा, असा तो काळ होता. प्रत्येक चित्र काढण्यापूर्वी माणूस क्षणभर विचार करी.

१९८६ साली माझे वडील वाईहून प्रथमच आमच्याकडे आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. उभा जन्म कृष्णाकाठी गेलेला, परंतु एकदा गंगेत स्नान घडावे ही त्यांची जुनी इच्छा होती. मी त्यांना घेऊन एका तीर्थक्षेत्री गेलो. गावाचे नाव मी घेत नाही, कारण दोष गावाचा नव्हता. रोलवर पस्तीस चित्रे झाली होती. आगगाडीतून उतरणारे अण्णा, अंगणातील तुळशीपाशी बसलेले अण्णा, नातीला खांद्यावर घेतलेले अण्णा. छत्तिसावे चित्र मी घाटावर काढले. ओलेत्याने उभे, हातात गंगाजलाचा तांब्या, आणि पाठीमागे दूरवर रेल्वेचा पूल.

कळ दाबली आणि खांद्यावर हात पडला. “फोटो मना है. पुल दिखता नहीं?” गणवेशातील एक माणूस मागे उभा होता. मी वडिलांचा फोटो काढीत आहे, हे मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले. त्याने कॅमेरा काढून घेतला आणि आम्हा दोघांना चौकीवर नेले. तेथे दोन तास चौकशी झाली. एवढे मोठे भिंग कशाला, कारखान्यात काम करता तर पुलाशी तुमचा काय संबंध, फोटो कोणाला पाठविणार, अशी प्रश्नांची सरबत्ती. सत्तरीचे अण्णा ओल्या धोतराने बाकावर बसून होते. शेवटी, वयोवृद्ध माणूस बरोबर आहे म्हणून मेहरबानी करतो, असे सांगून तेथील अंमलदाराने कॅमेऱ्याची पाठ उघडली, रोल बाहेर ओढला आणि दारात जाऊन तो लांबलचक उन्हात धरला.

न धुतलेल्या फिल्मला ऊन लागले की तिच्यावर जे काही उमटलेले असेल ते कायमचे जाते. कॅमेरा परत मिळाला. पावती नाही, कागद नाही, कोणाचे नावही नाही. मी काही बोलू लागलो तेव्हा अण्णांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, “जाऊ दे रे. सरकारी माणसाशी वाद घालू नये. फोटो काय, पुन्हा काढता येईल.”

तो पुन्हा काढता आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. आज आमच्या घरातील भिंतीवर त्यांचे जे चित्र आहे, ते पेन्शनच्या कागदासाठी वाईच्या एका स्टुडिओत काढलेले आहे. त्यात ते घाबरलेले दिसतात. अण्णा तसे नव्हते.

त्या दिवसानंतर मी कॅमेरा घराबाहेर काढला, तो या सभागृहाच्या दारापर्यंतच. बाहेरच्या शहराचे एकही चित्र प्रदर्शनात नाही, याचे कारण हे आहे.

आता आपण म्हणाल, देशाच्या सुरक्षेसाठी एखाद्याला थोडा त्रास झाला तर तो सोसावा. मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. पस्तीस वर्षे मी येथील कारखान्यात नोकरी केली. फाटकावर कॅमेरा जमा करण्याचा नियम होता आणि तो मला एक दिवसही अन्यायाचा वाटला नाही. पुण्याचे लोहगाव विमानतळ हवाई दलाचे आहे आणि गोव्याचे दाभोळी नौदलाचे. तेथे उतरताना कॅमेरा पिशवीत ठेवा असे सांगितले, तर ते योग्यच आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत झगमगता प्रकाश टाकू नका म्हटले, तर त्यामागे दीड हजार वर्षांच्या रंगांची काळजी आहे. कारण सांगितलेला आणि फलकावर लिहिलेला नियम पाळण्यात कमीपणा नाही. माझे गाऱ्हाणे लिहिलेल्या नियमाविरुद्ध नाहीच. कोठेही न लिहिलेला आणि समोरच्या माणसाच्या मर्जीवर चालणारा जो नियम असतो, त्याविरुद्ध आहे.

सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा मी कायदा वाचून पाहिला. ज्याचा धाक घालून माझा रोल नष्ट केला गेला, तो शासकीय गुपितांचा कायदा १९२३ सालचा, म्हणजे इंग्रजी अमदानीतील. त्याच्या तिसऱ्या कलमात निषिद्ध स्थळांचे नकाशे आणि चित्रे काढण्याविषयी सांगितले आहे. आणि चित्र या शब्दात छायाचित्रही येते. परंतु त्याच कलमाच्या आरंभी एक अट आहे. राज्याच्या सुरक्षेला किंवा हिताला बाध आणण्याच्या हेतूने ते केलेले असले पाहिजे. दुसऱ्या कलमात निषिद्ध स्थळ कशास म्हणावे याची व्याख्या आहे. शस्त्रागार, नौदलाचा तळ, लष्करी छावणी अशी स्थळे त्यात आहेतच. मात्र रेल्वे, रस्ता, पूल यांसारखी जागा निषिद्ध ठरावयाची असेल, तर केंद्र सरकारने राजपत्रात तशी अधिसूचना काढली पाहिजे, आणि त्या अधिसूचनेची प्रत त्या जागी इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत लावली पाहिजे. हे वाचून मी थक्क झालो. परक्या सरकारनेसुद्धा लोकांना त्यांच्या भाषेत आधी सांगण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले होते. ज्या घाटावर आम्ही उभे होतो, तेथे कोणत्याही भाषेतील फलक नव्हता.

आणखी एक साधी गोष्ट पाहा. त्या छायाचित्रात गुन्हा होता असे मानले, तर ती फिल्म पुरावा होती. पुराव्याचा पंचनामा करावयाचा असतो आणि तो जपून न्यायालयापुढे ठेवावयाचा असतो. गुन्हा नव्हता असे मानले, तर ती फिल्म माझ्या मालकीची वस्तू होती, आणि कायद्याच्या आधारावाचून कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे आपल्या राज्यघटनेचे कलम ३०० अ सांगते. दोहोंपैकी काहीही मानले, तरी ती उन्हात धरण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

न्यायालयांनी अलीकडे या बाबतीत काही गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. वर्ध्याच्या एका पोलीस ठाण्यात २०१८ साली एका नागरिकाने तेथील संभाषणाचे चित्रमुद्रण केले म्हणून त्याच्यावर याच कायद्याखाली गुन्हा नोंदविला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो रद्द केला. निषिद्ध स्थळांची यादी कायद्यात दिली आहे आणि पोलीस ठाणे तिच्यात नाही, असे न्यायमूर्तींनी म्हटले. त्याचप्रमाणे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे बावन्नावे कलम सांगते की, इमारतीचे किंवा सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढल्याने कोणाच्याही हक्काचा भंग होत नाही. तरीही एखाद्या चौकातील पुतळ्यासमोर तिपाई उभी करून पाहा, पाच मिनिटांत कोणीतरी येऊन “परवानगी आहे का?” म्हणून विचारील.

हा संशय आजचा नाही. दादासाहेब फाळके बडोद्यास छायाचित्रणाचा व्यवसाय करू पाहत होते, तेव्हा कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो आणि त्यामुळे आयुष्य घटते, या समजुतीपायी गिऱ्हाईक येईना, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. आज त्या भोळ्या समजुतीला आपण हसतो. पण पुलाचे चित्र घेतल्याने पूल दुबळा होतो ही समजूत तिच्याहून फारशी वेगळी नाही.

तरीसुद्धा आपल्या लोकांनी कॅमेरा रस्त्यावर आणला, हे विसरता कामा नये. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती १८९९ मध्ये चलच्चित्रात पकडली. केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन आलेल्या र. पु. परांजपे यांचे डिसेंबर १९०१ मधील आगमनही त्यांनीच टिपले. भारतातील वार्ताचित्रांचा आरंभ या प्रसंगापासून मानतात. एका मराठी माणसाने दुसऱ्या मराठी माणसाचा गौरव उघड्या आकाशाखाली नोंदवून ठेवला. त्या दिवशी कोणी सावेदादांच्या खांद्यावर हात ठेवून “मना है” म्हटले असते, तर आपण किती दरिद्री झालो असतो!

आणि दुसरा एक दिवस आठवा. २६ नोव्हेंबर २००८. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू असताना सेबॅस्टियन डिसूझा हे वृत्तपत्र-छायाचित्रकार आपल्या कचेरीतून कॅमेरा घेऊन बाहेर पडले आणि स्थानकात शिरले. पाठीवर पिशवी आणि हातात बंदूक घेतलेल्या कसाबचे जे चित्र साऱ्या जगाने पाहिले, ते त्यांनी तेथे काढले. पुढे खटल्यात त्यांची साक्ष झाली आणि ती छायाचित्रे पुरावा ठरली. एरवी अशाच स्थानकाच्या फलाटावर कोणी कॅमेरा डोळ्याला लावला, तर सुरक्षेचे कारण सांगून त्याला हटकले जाते. सुरक्षेच्या बाजूने उभा राहणारा साक्षीदारही कधीकधी छायाचित्रकारच असतो.

ही व्यथा केवळ आपल्या देशाची आहे असेही कोणी समजू नये. विमाने पाहण्याचा आणि त्यांची नोंद ठेवण्याचा छंद असलेले बारा ब्रिटिश आणि दोन डच नागरिक २००१ च्या नोव्हेंबरात ग्रीसमधील कालामाता येथे हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले गेले. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांना शिक्षा सुनावल्या गेल्या. नोव्हेंबरात अपिलात ते निर्दोष सुटले. ब्रिटनमध्ये २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या चव्वेचाळिसाव्या कलमाने पोलिसांना विशिष्ट संशयाशिवाय कोणाचीही झडती घेण्याची मुभा दिली होती. लंडनमधील शस्त्रास्त्रांच्या एका प्रदर्शनाबाहेरील निदर्शनांचे चित्रीकरण करण्यासाठी २००३ मध्ये आलेल्या एका महिला पत्रकाराला ओळखपत्र दाखवूनही अडविण्यात आले. ते प्रकरण थेट युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी २०१० मध्ये तो अधिकार खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग करतो असा निकाल झाला. त्याच महिन्यात लंडनच्या ट्रफाल्गर चौकात छायाचित्रकार मोठ्या संख्येने जमले आणि आम्ही छायाचित्रकार आहोत, दहशतवादी नव्हे, असे त्यांनी जगाला सांगितले. पुढे तो अधिकारच कायद्यातून काढून टाकण्यात आला.

या साऱ्यात विसंगती किती आहे पाहा. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि प्रत्येक फोनात कॅमेरा. उपग्रहांनी टिपलेली शहरांची आणि पुलांची चित्रे घरबसल्या पाहता येतात. रस्त्याच्या प्रत्येक वळणावर खांबावरून एक कॅमेरा आपल्याकडे पाहत असतो आणि त्याने आपली परवानगी कधी विचारलेली नसते. अशा काळात ज्याला खरोखरच वाईट हेतूने चित्र घ्यावयाचे आहे, तो तिपाई आणि मोठे भिंग घेऊन सर्वांदेखत उभा राहील काय? परंतु अडविले जाते ते त्यालाच, कारण तो दिसतो. फोनवाला पुढे निघून जातो आणि प्रामाणिकपणे उघड उभा राहिलेला माणूस गुन्हेगार ठरतो.

यात पोटावर पाय येतो तो वेगळाच. पर्यटनस्थळी प्रवाशांची चित्रे काढून जागेवर छापून देणारे छायाचित्रकार आपण सर्वांनी पाहिले आहेत. एकेकाळी त्यांच्यामागे काळे कापड टाकलेली लाकडी पेटी असे. आज गळ्यात डिजिटल कॅमेरा आणि पिशवीत छोटे छपाईयंत्र असते. फोनने त्यांचा धंदा निम्म्याहून अधिक गिळला. उरलेल्यावर जो येईल तो “चला, हटा येथून” म्हणून ओरडतो. आपल्या कित्येकांच्या घरातील मधुचंद्राचे एकमेव छायाचित्र अशाच एखाद्या अनामिकाने काढलेले आहे. त्याचे नाव आपण विचारले होते काय?

परंतु न्याय मागणाऱ्याने स्वतःचेही दोष सांगितले पाहिजेत. छायाचित्रकारांबद्दल लोकांच्या मनात अढी बसली, तिला आम्हीही काही अंशी कारण आहोत. अंत्ययात्रेत रडणाऱ्या स्त्रीच्या तोंडाजवळ कॅमेरा नेणारे, गरिबाचे दैन्य न विचारता टिपून बक्षिसे मिळविणारे, घाटावर स्नान करणाऱ्या बायकांवर दुरून भिंग रोखणारे आमच्यातच असतात. अशा हीन कृत्यांपैकी काहींना कायद्याने २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा ठरविले आहे आणि ते उचितच झाले. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी १९७० मध्ये कॅमेरा कायमचा ठेवून दिला, त्याचे एक कारण नव्या छायाचित्रकारांचे बेशिस्त वर्तन हे होते, असे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले. त्यांच्या पिढीचे काही दंडक होते. कोठे थांबावे आणि कोणत्या क्षणी कॅमेरा खाली घ्यावा, हे त्या काळी शिकावे लागे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपण हा मूलभूत हक्क मानला आहे. रस्ता सर्वांचा असला, तरी रस्त्यावरच्या माणसाचा चेहरा त्याचा स्वतःचा असतो, हे भान छायाचित्रकाराने सोडता कामा नये.

तेव्हा करावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी सुचवितो. जेथे छायाचित्रणास मनाई असेल, तेथे ती का आणि कोणत्या आदेशाने, हे स्थानिक भाषेत लिहिलेला फलक असावा. नसेल तर नागरिकाने नम्रपणे “फलक दाखवा” म्हणावे. कोणी छायाचित्र पुसावयास सांगू लागला, तर भांडण न करता त्याचे नाव आणि हुद्दा विचारावा, आणि वस्तू ताब्यात घेतली तर लेखी पावती मागावी. मर्जीने चालणाऱ्या अधिकाराला लेखी कागदाचे फार भय असते. आणि तिसरी गोष्ट ही की, आपण बघ्यांनीसुद्धा बदलावे. चौकीवर नेत असता त्या दिवशी घाटावर शंभर माणसे होती. “अहो, हा तर आपल्या वडिलांचा फोटो काढतो आहे,” असे त्यांतील एकाने म्हटले असते, तरी गोष्ट तेथेच मिटली असती.

महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये प्रसारमाध्यमांतील व्यक्तींवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत केला, ही अभिमानाची बाब आहे. पण वडिलांचा फोटो काढणारा मुलगा पत्रकार नसतो. त्याचे रक्षण शेवटी शेजारी उभ्या असलेल्या माणसानेच करावयाचे असते.

आपण घरापासून दूर आलेली माणसे. आपल्याला हे थोडे अधिक कळावयास हवे. जिथे आपली बोली वेगळी ऐकू येते, तिथे आपल्या हातातील कॅमेऱ्याकडे लोक थोडे अधिक संशयाने पाहतात, आणि आपणही वाद नको म्हणून कॅमेरा पिशवीत ठेवतो. ज्या शहराने आपल्याला पन्नास वर्षे अन्न दिले, त्याचे एकही चित्र आपल्याकडे असू नये, याची मला काल लाज वाटली. दोष पुष्कळसा त्या चौकीतील अंमलदाराचा असेल; पण एकोणचाळीस वर्षे घाबरून बसलो, तो दोष माझा आहे.

म्हणून मी त्या मुलीला सांगितले आहे की, येत्या रविवारी सकाळी सात वाजता आपण दोघे बाजारात जाऊ. मंडळातील आणखी कोणाला यावयाचे असेल, तर त्यांनी अवश्य यावे. भाजीवालीला विचारून तिचा फोटो काढू आणि छापून तिला नेऊन देऊ. कोणी अडवलेच, तर मी फलक दाखवा म्हणेन. माझ्या आवाजाला कंप सुटला, तर आपल्यापैकी कोणीतरी शेजारी उभे राहा, एवढीच विनंती.